'यू विल गो फार' : कुणाला, केव्हा आणि कसं म्हणावं

ऑफिसात कुणी नोकरी सोडून निघालं की टेबलाटेबलावरून एक कार्ड फिरतं. प्रत्येकाने दोन ओळी लिहायच्या असतात. आपल्यातले बरेच जण पेन हातात घेतात आणि आधी वरच्यांनी काय लिहिलंय ते वाचतात. वर 'ऑल द बेस्ट', त्याखाली 'ऑल द बेस्ट फॉर युवर ब्राइट फ्यूचर', त्याखाली पुन्हा तेच. मग आपणही तेच लिहून कार्ड पुढे सरकवतो. मराठीत बोलायचं असतं तर याच मुलीला आपण किती मनापासून म्हटलं असतं, 'नाव काढशील बघ', 'तू काही इथे थांबणारी नाहीस'. इंग्रजीत हे म्हणता येत नाही असं थोडंच आहे? 'यू विल गो फार' हे चार शब्द नेमके त्यासाठीच आहेत.

मी ठाण्यात संध्याकाळी नोकरदार मुलामुलींना इंग्रजी शिकवते. हे वाक्य बहुतेकांना ऐकून माहीत असतं. पण ते भलत्या माणसाला म्हटलं जातं, किंवा त्यातला एखादा शब्द असा बदलतो की अर्थ उलटा होतो. म्हणून या एका वाक्याबद्दल सविस्तर लिहिते आहे.

आधी हे लक्षात घ्या: हा आशीर्वाद नाही, भाकीत आहे

आपल्या शुभेच्छांचं व्याकरण बघा. 'उत्तरोत्तर प्रगती होवो', 'उदंड यश मिळो', 'मोठा हो', 'पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा'. यात आपण काहीतरी इच्छितो, मागतो. ते होईलच असा दावा करत नाही. त्यामुळे पात्रता तपासण्याचा प्रश्नच येत नाही. दिवाळीत वाकून नमस्कार करणाऱ्या प्रत्येक भाच्याला 'मोठा हो' मिळतं, मग त्याचे गुण कितीही असोत.

'यू विल गो फार' मध्ये सरळ साधा भविष्यकाळ आहे. तू पुढे जाशील. बोलणारा म्हणतोय की मी तुझं काम पाहिलं आहे, पारखलं आहे, आणि माझं मत असं आहे. आपल्याकडे त्याच्या सर्वांत जवळचं म्हणजे 'हा नाव काढणार' किंवा लहान मुलाबद्दल म्हणतात तसं 'बाळाचे पाय पाळण्यात दिसतात'. या वाक्यांतही आशीर्वाद नाही, परीक्षण आहे.

यातून दोन गोष्टी निघतात. मत द्यायचं तर ते देण्याचा आपला अधिकार असावा लागतो, आणि मताला कारण असावं लागतं. पुढचं जवळजवळ सगळं या दोन गोष्टींतूनच येतं.

कुणाला म्हणायचं

हे वाक्य वरून खाली जातं. शिक्षक विद्यार्थ्याला म्हणतात, मावशी भाचीला म्हणते, वरिष्ठ नव्या मुलाला म्हणतात. साहेबांना म्हणायचं नाही. माझ्या वर्गातल्या एकाने निवृत्त होणाऱ्या आपल्या मॅनेजरांच्या कार्डावर अगदी आदराने 'सर, यू विल गो फार' लिहिलं होतं. भावना खरी होती, पण जो माणूस पस्तीस वर्षं चालून मुक्कामाला पोचला आहे, त्याला कालच्या मुलाने 'तुम्ही पुढे जाल' म्हटलं, असं ते वाचलं जातं.

वरिष्ठ दुसरीकडे मोठ्या पदावर जात असतील तर 'आय विश यू एव्हरी सक्सेस इन युवर न्यू रोल' लिहा. नव्या जबाबदारीत पूर्ण यश लाभो, असा त्याचा अर्थ. त्याहून मला आवडणारं वाक्य म्हणजे 'दे आर लकी टू हॅव यू', तुम्ही लाभलात हे त्यांचं भाग्य. यात त्यांचं मूल्यमापन होत नाही आणि कौतुक मात्र पूर्ण होतं. निवृत्त होणाऱ्यांना भविष्याबद्दल काही सांगायलाच नको. त्यांच्याकडून काय शिकलो ते लिहावं.

बरोबरीच्या सहकाऱ्याला, विशेषतः वयाने थोडा मोठा असेल तर, 'आय कान्ट वेट टू सी व्हॉट यू डू नेक्स्ट' चालतं. पुढे तू काय करतोस ते बघायची मला उत्सुकता आहे, असं त्यात येतं. आशा तितकीच, पण आपण परीक्षकाच्या खुर्चीत बसत नाही.

वेळेचंही भान हवं. ज्याची नोकरी नुकतीच गेली आहे किंवा जी परीक्षेत नापास झाली आहे, तिला त्याच दिवशी 'यू विल गो फार' म्हणू नका. दुखऱ्या माणसाला भाकीत नको असतं. त्या दिवशी 'आय ॲम सॉरी' पुरतं. महिन्याभराने, तिच्या एखाद्या खऱ्या गुणाचा उल्लेख करून हेच वाक्य म्हणा, तेव्हा ते उपयोगी पडेल.

क्रियापद सांभाळा

इथे सर्वांत जास्त चुका होतात, म्हणून जरा रेंगाळते.

पहिला धोका 'टू' (too) या शब्दाचा. 'फार' म्हणजे लांब, मग 'टू फार' म्हणजे अजून लांब, म्हणजे अजून छान, असा हिशेब मुलं करतात. त्यातून आपल्या मराठीतलं 'फार' कानात बसलेलं, त्यामुळे 'फार फार पुढे जाशील' असं म्हणायचा मोह होतो. पण 'गो टू फार' म्हणजे मर्यादा ओलांडणं. 'यू हॅव गॉन टू फार' म्हणजे 'तू हद्द केलीस'. ही चूक कार्डावर कायमची राहते. जोर द्यायचाच असेल तर 'यू विल गो व्हेरी फार' बरोबर आहे. 'यू विल गो फार इन्डीड' जरा जुन्या वळणाचं पण गोड आहे.

दुसरा धोका 'कुड'चा. 'यू कुड गो फार' म्हणजे 'तू पुढे जाऊ शकतोस', आणि त्यात न बोललेला 'पण' असतो: मनावर घेतलंस तर, आळस सोडलास तर. शिक्षकांनी सूचना म्हणून म्हटलं तर ठीक. त्याचंच भूतकाळी रूप, 'यू कुड हॅव गॉन फार', म्हणजे 'तू पुढे गेला असतास', अर्थात गेला नाहीस. निरोपाच्या दिवशी हे कुणाच्या हाती पडू नये.

तिसरं 'शुड'. याचा धोका लिहिताना कमी, वाचताना जास्त. शाळेत 'शुड' म्हणजे 'पाहिजे' असं शिकवलेलं असतं, त्यामुळे 'शी शुड गो फार' हे 'तिने पुढे जायला पाहिजे' असं वाचलं जातं आणि मुली हिरमुसतात. प्रत्यक्षात हा 'शुड' अपेक्षेचा आहे. जसं 'पाचची लोकल आता येईलच' म्हणताना आपण 'द ट्रेन शुड बी हिअर सून' म्हणतो. 'शी शुड गो फार' म्हणजे 'ही पुढे जाईल असं दिसतंय'. संयमाने लिहिणाऱ्या ब्रिटिश माणसाने असं लिहिलं असेल तर ती चांगली पावती आहे.

चौथा मुद्दा 'गो' आणि 'कम'चा. आपण जसं 'जा' आणि 'ये' यांत बोलणारा कुठे उभा आहे ते धरतो, तसंच इथेही आहे. समोरचा रस्ता बाकी आहे तर 'गो': 'यू विल गो फार'. आतापर्यंतचा रस्ता पार केला, तो मागे वळून मोजायचा तर 'कम': 'यू हॅव कम अ लाँग वे'. दोन्ही कौतुकच. मात्र दुसऱ्यात 'सुरुवातीला तू अगदीच कच्चा होतास' अशी छटा डोकावू शकते, म्हणून ते अशा माणसालाच म्हणावं ज्याचा प्रवास आपण जवळून पाहिला आहे आणि ज्याला तो स्वतःला अभिमानाचा वाटतो.

पाचवी चूक 'विश'ची. 'आय विश यू विल गो फार' हे वाक्य मी शंभर वेळा खोडलं असेल. आपलं 'माझी इच्छा आहे की तू...' हे त्यामागे असतं. 'विश' नंतर थेट नाम घ्यायचं: 'आय विश यू सक्सेस'. क्रियापद हवं असेल तर 'होप' घ्या: 'आय होप यू गो फार'. हे टाळायला कुणी 'आय विश यू वुड सक्सीड' लिहितं, तर ते आणखी बिघडतं. त्याचा सूर 'एकदाचा यशस्वी हो रे बाबा' असा वैतागाचा होतो.

'मे यू गो फार' हे व्याकरणाने चुकीचं नाही. पण तो पुन्हा आशीर्वादाचा सूर झाला. लग्नाच्या किंवा धार्मिक प्रसंगी शोभतो, ऑफिसच्या ईमेलमध्ये अवघडल्यासारखा वाटतो.

शेवटी जोडशब्द. 'गो फार इन लाइफ', 'गो फार इन युवर करिअर', 'गो फार इन धिस फील्ड' हे सगळं चालतं. 'गो फार इन युवर फ्यूचर' नको, कारण भविष्य 'विल'मध्ये आलेलंच आहे. 'ब्राइट फ्यूचर' वापरायचंच असेल तर 'यू हॅव अ ब्राइट फ्यूचर अहेड ऑफ यू' असं पूर्ण वाक्य करा. 'ऑल द बेस्ट फॉर युवर ब्राइट फ्यूचर' भारतात सगळ्यांना कळतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त ते इतकं वापरलं गेलंय की वाचणाऱ्याच्या मनाला आता स्पर्श करत नाही.

कारण जोडा

भाकिताला पुरावा लागतो, हे वर म्हटलं. यासाठी मी वर्गात दरवर्षी एक पत्र वाचून दाखवते. २१ जुलै १८५५ रोजी अमेरिकेतल्या काँकॉर्ड गावाहून राल्फ वाल्डो इमर्सन यांनी वॉल्ट व्हिटमन यांना ते लिहिलं. इमर्सन तेव्हा ५२ वर्षांचे, देशभर मान असलेले विचारवंत. व्हिटमन ३६ वर्षांचे, त्यांनी स्वतःच छापून घेतलेला कवितासंग्रह नुकताच निघालेला आणि त्याच्या मुखपृष्ठामागच्या पानावर कवीचं नावसुद्धा नाही. इमर्सन यांनी लिहिलं, 'आय ग्रीट यू ॲट द बिगिनिंग ऑफ अ ग्रेट करिअर'. एका थोर कारकिर्दीच्या आरंभी मी तुमचं अभिनंदन करतो.

लोक हे वाक्य इथेच सोडतात, पण त्याचा उत्तरार्ध मला जास्त मोलाचा वाटतो. इमर्सन पुढे म्हणतात की अशी सुरुवात होते त्यामागे कुठेतरी दीर्घ पूर्वतयारी असलीच पाहिजे. अनोळखी कवीची कुणीही न पाहिलेली वर्षांची मेहनत त्यांनी एका वाक्यात ओळखली. भविष्याबद्दलचं बोलणं खरं वाटतं ते या ओळखीमुळे.

आपल्या कार्डावर एवढं मोठं काही लिहायचं नसतं, पण रीत तीच. आधी तुम्ही प्रत्यक्ष पाहिलेली एक गोष्ट, मग भाकीत. समजा, ऑडिटच्या आठवड्यात एका मुलीने रात्री थांबून चुकीची एन्ट्री शोधून काढली होती. मग असं लिहा: 'यू फाउंड द एरर नोबडी एल्स कुड फाइंड. यू विल गो फार.' जी चूक दुसऱ्या कुणाला सापडली नाही ती तू शोधलीस, तू पुढे जाशील. दोन छोटी वाक्यं, पण ते कार्ड ती जपून ठेवेल. कारण आठवत नसेल तर वाक्य वापरूच नका, साधं 'विश यू ऑल द बेस्ट' प्रामाणिक असतं.

त्या पत्राची पुढची गोष्टही सांगते, कारण आज ती लिंक्डइनवर रोज घडते. व्हिटमन यांनी ते खाजगी पत्र इमर्सन यांना न विचारता वर्तमानपत्रात छापू दिलं, आणि १८५६ च्या दुसऱ्या आवृत्तीच्या कण्यावर ते वाक्य इमर्सन यांच्या नावासकट सोनेरी अक्षरांत उमटवलं. तुम्हाला कुणी ईमेलमध्ये 'यू विल गो फार' लिहिलं असेल तर त्याचा स्क्रीनशॉट सर्वांसमोर टाकण्याआधी त्यांना विचारा. माणूस एकट्याला उद्देशून जे मोकळेपणाने लिहितो, ते तो चारचौघांत तसंच लिहील असं नाही.

शिफारसपत्रात

बाहेरदेशी एमएस करायला जाणाऱ्या मुलांसाठी आपल्याकडच्या प्राध्यापकांना आणि मॅनेजरांना शिफारसपत्रं लिहावी लागतात. पुष्कळदा मुलगाच कच्चा मसुदा करून आणतो. या पत्रांत 'ही विल गो फार' शेवटी एकदा यावं, तेही सहज म्हणून नाही, कमवून. आधीच्या परिच्छेदांत प्रकल्प कोणता, अडचण काय होती, याने नेमकं काय केलं, वर्गातल्या किती जणांत हा कितवा, हे आलं असेल तरच.

गणिताचे प्राध्यापक रिचर्ड डफिन यांनी फेब्रुवारी १९४८ मध्ये आपल्या १९ वर्षांच्या विद्यार्थ्यासाठी, जॉन नॅशसाठी, प्रिन्स्टन विद्यापीठाला लिहिलेलं पत्र जेमतेम तीन वाक्यांचं आहे. नाव, वय, पदवी केव्हा मिळणार, आणि शेवटी 'ही इज अ मॅथमॅटिकल जीनियस'. भविष्याबद्दल एक अक्षर नाही. नॅशना १९९४ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. इतकं त्रोटक लिहिणं आपल्या मुलांच्या बाबतीत मी सुचवणार नाही, कारण लिहिणाऱ्याचं नाव त्या क्षेत्रात तितकं ओळखीचं असावं लागतं. पण मुलगा आज काय आहे हे ठामपणे सांगितलं की पुढचं वाचणारा स्वतः ओळखतो, एवढं त्यातून घेता येतं.

पत्रात बसणारी वाक्यं: 'आय हॅव नो डाउट दॅट शी विल डू वेल इन युवर प्रोग्राम', आणि 'आय रेकमेंड हर विदाउट रिझर्व्हेशन'. दुसऱ्या वाक्यातल्या 'रिझर्व्हेशन'ला घाबरू नका, त्याचा आरक्षणाशी संबंध नाही. मनात कुठलाही किंतु न ठेवता शिफारस करतो, असा त्याचा अर्थ. आणि 'क्वाइट गुड' हे शब्द टाळा. ब्रिटिश वाचकाला ते 'बरा आहे' असे ऐकू येतात.

याची भावंडं

'यू आर गोइंग प्लेसेस'चा अर्थ जवळजवळ तोच, सूर मैत्रीचा. समवयस्कांतही चालतं. 'प्लेसेस' अनेकवचनीच हवं आणि मध्ये 'टू' (to) घालायचा नाही, नाहीतर ते सहलीचं वाक्य होतं. बहुधा 'गोइंग' याच चालू रूपात येतं.

'द स्काय इज द लिमिट' म्हणजे आपली गगनभरारी. यात माणसाच्या गुणांपेक्षा संधीवर भर आहे: या क्षेत्रात वर मर्यादाच नाही. पैशांबद्दलही वापरतात, खर्चाला मर्यादा नाही अशा अर्थाने. त्यामुळे व्यक्तीबद्दलचा विश्वास दाखवायला मी ते वापरत नाही.

'द वर्ल्ड इज युवर ऑयस्टर' दहावी-बारावी झालेल्या, अजून कुठलीही वाट न धरलेल्या मुलांना शोभतं. दाही दिशा तुला मोकळ्या आहेत. शेक्सपिअरच्या 'द मेरी वाइव्ज ऑफ विंडसर' नाटकात फॉलस्टाफ एक पेनीही उसनी द्यायला नकार देतो, तेव्हा पिस्टल म्हणतो की मग जग हे माझं कालव (बंद शिंपला) आहे, ते मी तलवारीने उघडीन. मूळ वाक्यात धमकी आहे. आज तलवार गळून फक्त कालव उरलंय. ज्यांनी कोकणात खडकावरची कालवं काढताना पाहिली आहेत त्यांना तलवारीचा भाग लगेच पटेल: ती आपणहून उघडत नाहीत, हात सोलवटून निघतात.

'ब्रेक अ लेग' या यादीत नाही. ते रंगमंचावर जाण्याआधीच्या क्षणापुरतं आहे.

तोंडी म्हणताना

'विल' पूर्ण न उच्चारता 'यूल गो फार' म्हणा, आणि जोर शेवटच्या 'फार'वर येऊ द्या. आपण मराठी माणसं चारही शब्दांना सारखंच वजन देतो, त्याने वाक्य पाठांतरासारखं वाटतं. 'विल'वर जोर दिलात तर 'नाही नाही, तू जाशीलच' असा धीर देण्याचा अर्थ येतो, समोरचा स्वतःवर शंका घेत असेल तेव्हा तो फार चांगला.

सूर मात्र सरळ ठेवा. इंग्रजीत हेच वाक्य टोमणा म्हणूनही वापरतात. 'विथ दॅट ॲटिट्यूड, यूल गो फार' असं कुणी मख्ख चेहऱ्याने म्हटलं तर ते 'असंच वाग, मग बघ किती पुढे जातोस' आहे. परदेशी सहकाऱ्याने तुमच्या चुकीनंतर हे म्हटलं असेल तर थँक यू म्हणू नका. चूक काय झाली ते विचारा.

आणि तुम्हालाच कुणी म्हटलं तर

आपली जीभ आपसूक 'आपले आशीर्वाद' कडे वळते आणि 'विथ युवर ब्लेसिंग्ज, सर' बाहेर पडतं. आपल्याकडच्या सरांना ते कळेल आणि आवडेल. लंडनच्या किंवा टोरांटोच्या मॅनेजरला ते चर्चमधल्यासारखं वाटेल. 'नो नो, नथिंग लाइक दॅट' म्हणून झटकूही नका. समोरच्याने विचार करून मत दिलंय, ते झटकलं की त्याची पारख चुकली असं सुचवल्यासारखं होतं.

'थँक यू, दॅट मीन्स अ लॉट टू मी' एवढं म्हणा, माझ्यासाठी हे खूप मोलाचं आहे. नंतर त्या माणसाकडून मिळालेली एखादी नेमकी गोष्ट सांगा: 'यू टॉट मी टू चेक द नंबर्स ट्वाइस.' आकडे दोनदा तपासायला तुम्ही शिकवलंत.